मिस्त्री, हे बंद हुतंय का?

गाडी नवी कोरी असते. सीटवरचं प्लॅस्टिक निघालेलं नसतं, हेडलाइटच्या गळ्यात झेंडूचा हार वाळत असतो, हँडलला लिंबू-मिरची. मालक ती माझ्या दुकानापुढं लावतो, चावी काढत नाही आणि पहिलंच वाक्य टाकतो, "मिस्त्री, हे बंद हुतंय का?"

'हे' म्हणजे काय, ते सालाप्रमाणं बदलत आलं. २०१७ साली 'हे' म्हणजे दिवसाढवळ्या जळणारा हेडलाइट होता. मग साइड स्टँड खाली राहिला की इंजिन मारणारा खटका. मग ब्रेकमधलं एबीएस. हल्ली रंगीत पडद्याच्या मीटरमध्ये येणाऱ्या सूचना. दोन-अडीच लाख मोजून माणूस गाडी घेतो आणि तिच्यातलं अर्धं सामान बंद करायला पेठ-सांगली रस्त्यावरच्या एका वायरमनकडं येतो. मला आधी याची गंमत वाटायची. पुढं त्यावरच माझं घर चालायला लागलं, तेव्हा गंमत वाटायची थांबली.

दुकान इस्लामपुरात. सरकारनं २०२५ मध्ये गावाचं नाव ईश्वरपूर केल्याचं जाहीर केलं, पण माझं बिलबुक जुन्या नावानं छापलेलं आहे. ते संपलं की नवं छापू. दहा बाय पंधराचा गाळा, पुढं पत्र्याचं छप्पर, भिंतीवर रंगीत वायरींची भेंडोळी. ट्रॅक्टर आणि टेंपोचं काम पहिल्यापासून आहे. लांबच्या प्रवासाच्या मोटारसायकली गेल्या दहा-बारा वर्षांतल्या. पुणे-बंगळूर महामार्ग पेठ नाक्यावरून जातो, त्यामुळं नोव्हेंबर-डिसेंबरात गोव्याच्या मोटारसायकल मेळाव्यांना निघालेली पोरं तिथं चहाला थांबतात आणि कुणाचा तरी दिवा, कुणाचा तरी चार्जर बंद पडलेला असतोच. पण बाहेरचे फार नाहीत. जास्त आपलेच: उसाचे बागायतदार, हायस्कूलचे सर, कारखान्यातले केमिस्ट. पोरं मार्गी लागली की एक हिमालयन नाहीतर डॉमिनार घ्यायची आणि एकदा लडाखला जाऊन यायचं, हे आमच्याकडं आता पंढरीच्या वारीनंतरचं दुसरं मोठं काम झालंय.

मी आयटीआयचा वायरमन ट्रेड करून १९९८ साली उस्तादांच्या हाताखाली लागलो. त्यांच्याकडं येझदी, राजदूत, बुलेट आणि हिरो होंडा. राजदूतचं वायरिंग सहा व्होल्टचं. रेस दिली की उजेड, सोडली की काजवा. म्हणून रात्री उतारावरसुद्धा माणूस क्लच दाबून रेस मारत उतरायचा. बुलेटच्या हेडलाइटच्या डोक्यावर अँपिअर मीटर असायचं. किक हळूहळू दाबत त्याचा काटा मधोमध आणायचा, डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन जरा पुढं सरकवायचा, मगच जोरात किक. नाहीतर किक उलटी बसून पाऊल आठवडाभर सुजायचं. त्या गाड्यांत लपवलेलं काही नव्हतं. आठ-दहा वायरी, आणि कुठली कुठं जाते ते हातानं चाचपत शेवटापर्यंत जाऊन बघता यायचं. उस्ताद वायरीचं टोक सोलून चासीला घासायचे, ठिणगी बघायचे आणि ठिणगीच्या रंगावरून बॅटरी किती उरलीय ते सांगायचे. मीटर त्यांच्याकडं होतं, पण ते काचेच्या कपाटात, गणपतीशेजारी.

ठिणगीची विद्या मी त्यांच्याकडून घेतली. तिनं मला नंतर चांगलंच भाजलं; पण त्याआधी हेडलाइटचं.

२९ मार्च २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की १ एप्रिलपासून बीएस-तीनची, म्हणजे प्रदूषणाच्या जुन्या निकषाची, एकही गाडी विकायची नाही. पुढचे दोन दिवस शोरूमपुढं जत्रा. घसघशीत सूट मिळाली म्हणून ज्याला गाडी नको होती त्यानंही घेतली. आणि १ एप्रिलपासून ज्या गाड्या आल्या त्यांचा हेडलाइट इंजिन सुरू झालं की लागलेलाच. हँडलवरचा चालू-बंदचा खटकाच गेला. कारण सरळ होतं: दिवसा चारचाकीवाल्याला आरशात दुचाकी दिसत नाही, दिवा असला की दिसते. पण रस्त्यावरच्या माणसाला हे कुणी सांगितलं नव्हतं. समोरून येणारा प्रत्येक जण पंजाची उघडझाप करून खुणवायचा. बोरगावकडचे एक आबा दुकानात आले ते चिडूनच. "सकाळधरनं लोकं हात हालवाय लागल्यात. मी बी हालवतोय. वरातीत बसल्यागत झालंय मला. ह्यो लाइट पयला बंद करा."

बंद केला. त्या वर्षी दिवसाला दोन-तीन गाड्यांना तेच काम. हेडलाइटची एक वायर कापायची, मधे चाळीस रुपयांचा खटका घालायचा, हँडलला पट्टीनं बांधायचा. पंधरा मिनिटं, दोनशे रुपये. पावसाळा लागला तसे ते खटके परत यायला लागले, काही वितळलेले, काही हिरवे पडलेले. ५५ वॅटचा बल्ब म्हणजे साडेचार अँपिअरच्या आसपास करंट. तो त्या खेळण्यातल्या खटक्यातून रोज पळवायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार? मधे रिले टाकायला हवा होता. खटक्यानं फक्त रिलेला इशारा द्यायचा, खरा करंट रिलेनं वाहायचा. ते मला येत नव्हतं असं नाही. दोनशे रुपयांत बसत नव्हतं, एवढंच. आबांचा खटका तेवढा मी परत काढला आणि दिवा होता तसा जोडून दिला. तोवर लोकांनी हात हालवायचं थांबवलं होतं.

एबीएसवाल्या आणि इंजेक्शनच्या गाड्या वाढल्या तसं आमचं जुनं हत्यार कालबाह्य झालं. मला ते कळलं २०१८ च्या पावसाळ्यात. एक गाडी सुरू होत नव्हती. सवयीनं मी एक वायर सोलली आणि चासीला घासली. ठिणगी आली, छान निळी. त्यानंतर गाडीत काहीच आलं नाही, मीटरचा काटासुद्धा हलला नाही. ज्या वायरीला मी ठिणगी पाडली ती ईसीएमकडं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडं, जाणारी होती. मिलीअँपिअरवर चालणाऱ्या यंत्राला मी उस्तादांच्या पद्धतीनं नाडी विचारली होती. नवा ईसीएम बसवला, पैसे मी भरले. आकडा घरात अजून सांगितलेला नाही. त्यानंतर बल्बचा टेस्ट लॅम्पसुद्धा बाजूला ठेवला, कारण त्याचा बल्बही स्वतःपुरता करंट ओढतो. मल्टिमीटर कपाटातून बाहेर आलं. गणपती एकटाच राहिला.

त्याच्या पुढचं शिक्षण मला पोरांनी दिलं. राजारामनगरला, साखराळ्याच्या शिवारात, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९८३ पासूनचं. तिथली पोरं प्रोजेक्टसाठी माझ्याकडून जुने हॉर्न, रिले, कपलर न्यायची. एकदा माझ्याकडं एक गाडी आठवडाभर पडून होती. चालता चालता मीटर विझायचं, एबीएसचा दिवा लागायचा, पुन्हा आपोआप बरी व्हायची. सगळ्या वायरींना बारा व्होल्ट शोधत बसलो होतो मी. एका जोडीत मात्र दोन्हीकडं अडीचच्या आसपास व्होल्ट यायचे आणि आकडा थरथरायचा. मला वाटलं, इथंच कुठंतरी करंट गळतोय.

त्या पोरांतल्या एकानं खडू घेतला आणि शटरवर आकृती काढली. म्हणाला, "काका, यातनं करंट जात नाही, बोलणं जातं." बॉश कंपनीनं १९८६ मध्ये मोटारींसाठी मांडलेली ती कॅन नावाची पद्धत: एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरी, त्यावर इंजिनचा ईसीएम, एबीएसचा डबा, मीटर, सगळे लटकलेले. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. बोलताना एक वायर साडेतीन व्होल्टपर्यंत वर जाते, दुसरी दीडपर्यंत खाली येते. गप्प असताना दोन्ही अडीचवर. दोघं एकदम बोलायला लागले तर ज्याचा नंबर महत्त्वाचा त्याचं पुढं जातं, दुसरा आपणहून थांबतो. मी म्हटलं, म्हणजे आपली ग्रामसभा. तो म्हणाला, तशीच, पण इथं दुसरा खरंच खाली बसतो.

मग त्यानं बॅटरीची वायर काढायला लावली आणि त्या दोन वायरींमध्ये मल्टिमीटर ओहमवर लावायला सांगितलं. "साठ आलं पाहिजे." दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोध, शेजारी-शेजारी जोडले की साठ. माझ्या मीटरवर १२० आलं. म्हणजे एक टोक कुठंतरी तुटलेलं. सीट, टाकी, साइड पॅनल काढून बघितलं तर मागच्या दिव्याजवळ कुणीतरी बिनओळखीचे दोन कपलर वायरींना चावून बसवले होते, ब्रेकच्या चमचमत्या दिव्यासाठी, आणि अंधारात हाताला लागलेली वायर ब्रेकची नव्हती. आत तांब्याचे दोन-तीन केस शाबूत होते. खड्ड्यात गेली की तुटायची, बाहेर आली की जुळायची. पेठ-सांगली रस्ता तेव्हा जसा होता तसा होता. पुढं त्याचं चौपदरीकरण सुरू झालं, पण त्या रस्त्यानं माझ्या दुकानाला जेवढं काम दिलं तेवढं कुठल्याच जाहिरातीनं दिलं नसतं.

तेव्हापासून कंपनीची वायर मी कापत नाही. कपलर जिथं सुटतो तिथं तसलाच नर-मादी जोड आणून मधे आपला फाटा घालायचा. मालकाला परत मूळ गाडी हवी असेल तर दहा मिनिटांत हातानं निघालं पाहिजे. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून, पिशवीवर गाडीचा नंबर लिहून, त्याच्या हातात द्यायचा. याला कुणी वॉरंटीसाठीची चलाखी म्हणेल. थोडी आहेही.

आणि कायद्याचंही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं नोंदणीच्या कागदावर जसं वाहन आहे त्यात मालकानं मनानं फेरफार करायचा नाही. कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळं वाहन चालणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये दिला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं असा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर एका फेरफाराला पाच हजार दंड, अशी तरतूद आली. मी गिऱ्हाइकाला हे सांगतो. तो म्हणतो, "त्ये ऱ्हाऊ द्या, तुम्ही किती घेणार त्ये सांगा."

मानेचा ताठा उतरवणारं आणखी एक काम सांगतो. लडाखला निघालेल्या एका सरांच्या गाडीला मी मोबाइलचा चार्जर बसवला. व्होल्ट दाखवणारा, निळ्या आकड्यांचा, देखणा. त्यांनीच एक ट्रॅकरही आणला होता, गाडी कुठं आहे ते मोबाइलवर दाखवणारा. दोन्ही मी थेट बॅटरीवर दिले, कारण सर म्हणाले, तंबूत रात्री फोन चार्ज करायचाय, चावी काढलेली असेल. जुलै २०२३ मध्ये हिमाचलात अतिवृष्टी झाली, बियासला पूर आला, मनालीचे रस्ते तुटले. सर तिथं अडकले. माणसं सुखरूप होती, गाडी हॉटेलच्या मागं आठ दिवस उभी. नवव्या दिवशी बटण दाबलं तर फक्त कट-कट. त्या गाडीला किक नाही.

फोनवर ते बोलत होते आणि मी बिलबुकाच्या मागं हिशेब करत होतो. चार्जरचे आकडे आणि ट्रॅकर मिळून पंचवीस मिलीअँपिअर धरू. किती कमी! पण चोवीस तासांचा तो पाऊण नाही तरी अर्ध्या अँपिअर-अवरच्या वर जातो, आठ दिवसांत पाचाच्या घरात. बॅटरी आठची. त्यात थंडी. ज्या ओझ्याकडं मी लक्ष दिलं ते त्याच गाडीवरच्या फॉग लाइटचं होतं, दोन दिव्यांचे ऐंशी वॅट, सहा-सात अँपिअर. कारण ते चालू असताना दिसतं. गाडी झोपलेली असताना कोण चरतंय ते मी मोजलंच नव्हतं. आता प्रत्येक काम झाल्यावर चावी काढून, बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मीटर घालून दहा मिनिटं बघत बसतो. गिऱ्हाईक विचारतं, आता कशाची वाट बघताय. सर परत आल्यावर पेढे घेऊन आले. मला वाटलं टोमणा आहे. नव्हता.

साइड स्टँडचं काम मी करत नाही, भांडण झालं तरी. स्टँड खाली ठेवून गाडी निघाली की पहिल्या डाव्या वळणावर ती टेकते आणि माणूस उडतो. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

एबीएसचं मात्र मी लोकांच्या बाजूनं आहे, निदान अर्धा. चाकावर दातेरी चकती असते, तिच्यापुढं सेन्सर. चाक थांबायला लागलं की डबा ब्रेकचा दाब सेकंदाला कितीतरी वेळा सोडतो-धरतो, चाक फिरतं राहतं, गाडी हातात राहते. डांबरावर, ओल्या रस्त्यावर याला तोड नाही. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून ते सक्तीचं झालं ते बरंच झालं. पण चांदोलीकडं, कोयनेच्या मागच्या अंगाला, मुरमाच्या उतारावर तुम्ही मागचा ब्रेक दाबता आणि डबा तो सोडत राहतो. मुरमावर अडकलेलं चाक स्वतःपुढं ढीग गोळा करतं आणि त्या ढिगानं गाडी थांबते. फिरणाऱ्या चाकाला तो ढीग मिळत नाही. म्हणून हिमालयनला २०२० पासून मागच्या चाकाचं एबीएस बंद करायचा खटका कंपनीनंच दिला. ज्यांच्याकडं तो नाही ते फ्यूज उपटायला सांगतात. फ्यूज उपटला की पुढचंही जातं. काही गाड्यांत मीटरला वेग एबीएसकडूनच कळतो, मग मीटरही आंधळं. ते मी समजावून सांगतो, फ्यूज कुठला तेही दाखवतो आणि म्हणतो, मुरूम लागला की तुम्हीच काढा, डांबर लागलं की तुम्हीच घाला. बहुतेक जण काढत नाहीत. सीट उघडायचा कंटाळा हे माणसाचं सगळ्यात मोठं सुरक्षा-कवच आहे.

आता दिव्यांचं. इतका वेळ तेच टाळत होतो.

आमच्याकडं ज्याला त्याला फॉग लाइट लागतो, धुकं असो नसो. कारण ऊस. गाळपाचा हंगाम लागला की दिवाळीपासून पार शिमग्यापुढंपर्यंत रस्त्यावर ट्रॅक्टर आणि त्याला दोन-दोन ट्रॉल्या. ऊस बाजूंनी आणि मागं हातभर बाहेर आलेला. मागं दिवा नाही, असला तर चिखलानं माखलेला. पुढं टेपवर गाणी मोठ्यानं, मागं काळोख. आमच्या भागात असं एकही गाव नसेल जिथं कुणी ना कुणी ट्रॉलीवर मागून आदळलेलं नाही. तेव्हा कुणी म्हणालं, मिस्त्री, रात्रीचं दिसंल असं काहीतरी बसवा, तर मी नाही कसं म्हणणार? बसवले. चाळीस-चाळीस वॅटचे पांढरे, क्रॅश गार्डला. रिले, फ्यूज, दीड चौरस मिलिमीटरची वायर, सगळं नियमानं. खटका वेगळा, कारण प्रत्येकाला तो वेगळाच हवा असतो.

२०२१ च्या जानेवारीत सांगलीहून सामान घेऊन रात्री परत येत होतो, माझ्या जुन्या स्प्लेंडरवरून. आष्टा मागं पडलं होतं. समोरून दोन पांढरे दिवे आले. मी डिपर मारला. त्यानंही मारला असावा, कारण त्याचा मधला दिवा खाली गेला. बाजूचे दोन तसेच. डोळ्यांपुढं सगळं दुधाळ झालं. पन्नासचा वेग म्हणजे सेकंदाला चौदा मीटर. डोळा सावरायला तीन सेकंद धरले तर चाळीस मीटर मी न बघता गेलो. आणि मग हेल्मेटच्या काचेवर काहीतरी खसखसलं. वाढं होतं ते, उसाचं. ट्रॉली माझ्यापुढं होती, चालती होती, आणि मी तिच्या उसात तोंड घातलं होतं. गाडी डावीकडं घेतली ती साइडपट्टी सोडून खाली, बाभळीत. गुडघा सोलला, सामानाचं खोकं फुटलं. बाकी काही नाही.

तो दिवेवाला थांबला नाही. थांबायचं कारणच नव्हतं; त्याला काहीच झालं नव्हतं, त्याला सगळं स्वच्छ दिसत होतं. पण ते दिवे मी ओळखले होते. उजवा डाव्यापेक्षा अर्धा इंच वर होता. गार्ड जरा वाकलेलं होतं, मी बसवतानाच बघितलं होतं आणि म्हटलं होतं, राहू दे, चालतंय.

बाभळीचे काटे काढत बसलो तेव्हा हा हिशेब काही केल्या जुळेना. ट्रॉली दिसत नाही म्हणून त्याला मी दिवे दिले. त्या दिव्यांमुळं मला ट्रॉली दिसली नाही. इतकी वर्षं मी एका गाडीचा विचार करत होतो: तिची बॅटरी, तिचा ईसीएम, तिचा मालक, त्याची वॉरंटी. समोरून येणारा माणूस माझ्या बिलात कुठंच नव्हता.

त्या मालकाला फोन करून बोलावलं. दुकानापुढं दहा पावलांवर पांढरी भिंत आहे, रात्री तिच्यापुढं गाडी उभी केली. दिव्याची उंची भिंतीवर खडूनं मारली, त्याखाली दोन बोटं दुसरी रेघ. उजेडाचा गाभा खालच्या रेघेच्या वर जाता कामा नये. त्याचा उजवा दिवा शेजारच्या दुकानाची पाटी वाचत होता. खाली घेतला, दोन्हींवर पिवळी काच चढवली. आणि मुख्य म्हणजे खटका काढून टाकला. रिलेची इशाऱ्याची वायर हाय-बीमवरून घेतली: हाय-बीम असेल तरच हे लागतील, डिपर मारला की तेही विझतील. काम दहा मिनिटांचं. ते पहिल्यापासून असंच करता आलं असतं.

मालक नाराज झाला. "मिस्त्री, पैसं घालून अंधार केला की वं."

तेव्हापासून मी हे काम याच पद्धतीनं करतो, आणि निम्मी गिऱ्हाइकं पुढच्या चौकातल्या दुकानात जातात. तिथं वेगळा खटका मिळतो. मी त्याला दोष देत नाही. मीही चार वर्षं तेच विकलं.

ट्रॉलीचं मात्र डोक्यातून गेलं नाही. पुढच्या हंगामात टायरवाल्याकडं उभी असलेली एक ट्रॉली मागून नीट बघितली. दिव्याची चौकट होती, वायर होती, टोकाला सात पिनांचा गोल प्लगही होता, ठेचलेला. ड्रायव्हर पोरगा मराठवाड्याकडचा, विशीतला. म्हणाला, ट्रॉली दिवसात चार वेळा सोडायची, जोडायची. घाईत प्लग काढायचा राहतो, ट्रॅक्टर पुढं गेला की तुटतो. पहिल्या वर्षी दोनदा दुरुस्त केला, मग सोडून दिला. मी म्हटलं, दुकानावर घेऊन ये, पैसे नकोत.

तो खरंच आला, आठवड्यानं, दिवस मावळताना, मोकळी ट्रॉली घेऊन. मी प्लगची वायर लोखंडी साखळीबरोबर बांधली, साखळी वायरीपेक्षा वीतभर आखूड. ओढ बसली तर साखळीला बसेल आणि प्लग सरळ निसटून येईल. दिवे चौकटीच्या आत घेतले, वर पट्टी वेल्ड करून घेतली, वाढं खाली लोंबलं तरी झाकू नये म्हणून. दोन तास गेले. चावी दिली, दोन्ही लाल लागले. पोरगं मागं जाऊन, पुढं जाऊन, परत मागं जाऊन बघून आलं.

मग मला आठवलं. "दुसरी ट्रॉली कुठाय?"

"फडात. भरायलेत."

"मग जोडल्यावर मागं कुठली राहणार?"

त्यानं दिव्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तीच की, मामा."

"तिला कधी आणतोस?"

"ही भरून, दोन्ही जोडून निघतो. येता येता थांबतो."

"रात्रीचंच?"

"रात्रीचंच."

उसाची तीन कांडकी बाकड्यावर ठेवून तो गेला. मी घरी फोन करून जेवायला उशीर होईल म्हणून सांगितलं, आणखी एक सात पिनांचा सॉकेट खोक्यातून शोधून काढला आणि शटर अर्धं खाली ओढून बसलो.